विश्लेषण : विजेच्या भविष्याचे गणित मांडणारी सॉफ्टवेअर खुली असणे का गरजेचे?

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने जानेवारी २०२० मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. २०२९-३० या वर्षात देशाला कोणत्या प्रकारचे किती वीजप्रकल्प लागतील, याचा तो अंदाज होता. पवनऊर्जा १ लाख ४० हजार मेगावॉट आणि बॅटरी साठवण २७ हजार मेगावॉट लागेल, असे त्यात म्हटले होते. एप्रिल २०२३ मध्ये याच अहवालाची दुसरी आवृत्ती आली. पवनऊर्जेचा आकडा सुमारे १ लाख मेगावॉटवर उतरला होता आणि बॅटरीचा ४१ हजार ६५० मेगावॉटवर चढला होता. वर्ष तेच, देश तोच. सव्वातीन वर्षांत वारा काही कमी झाला नव्हता. बदलली होती गृहीतके. कोणते गृहीतक किती बदलले की उत्तर किती बदलते, हे तपासण्याची सोय मात्र सामान्य अभ्यासकाकडे नव्हती. मुक्त स्रोत (ओपन सोर्स) ऊर्जा मॉडेल्सचा सगळा खटाटोप या एका अडचणीभोवती फिरतो.

ऊर्जा मॉडेल म्हणजे नेमके काय?

किराणा भरताना गृहिणी जे गणित मनात करते, तेच इथे संगणक लाखो समीकरणांनी करतो. महिनाभर सगळ्यांचे पोट भरले पाहिजे, पैसे कमीत कमी लागले पाहिजेत आणि डब्यात मावेल तेवढेच सामान आणता येते. ऊर्जा मॉडेलमध्ये पोट म्हणजे विजेची मागणी. सामान म्हणजे कोळसा, पाणी, सूर्य, वारा, वायू, अणुऊर्जा. डबे म्हणजे बॅटऱ्या, धरणे आणि पारेषण वाहिन्या.

वर्षाचे तास ८ हजार ७६०. यातल्या प्रत्येक तासाला मागणी आणि पुरवठा जुळलाच पाहिजे, ही पहिली अट. सौर प्रकल्प रात्री चालत नाही, औष्णिक संच मनाला येईल तेव्हा बंद-चालू करता येत नाही, वाहिनीतून क्षमतेपेक्षा जास्त वीज जात नाही, या पुढच्या अटी. या सगळ्या पाळून एकूण खर्च कमीत कमी कसा राहील, ते संगणक शोधतो. गणितात याला रेषीय इष्टतमीकरण म्हणतात. उत्तरात कोणता प्रकल्प कधी बांधायचा, किती चालवायचा आणि कोणता बंद करायचा याची यादी मिळते.

म्हणजे मॉडेल भविष्य सांगत नाही. ‘तुम्ही म्हणता ते आकडे खरे मानले, तर सर्वांत स्वस्त मार्ग हा’, एवढेच ते सांगते. अहवाल वाचताना आणि त्याहून अधिक अहवालाची बातमी वाचताना हे ‘तर’ सहसा गळून पडते.

पन्नास पैशांनी उत्तर कसे फिरते?

एक काल्पनिक शहर घेऊ. तिथे संध्याकाळी सातनंतरची मागणी भागवायची आहे. कोळशाची वीज ५ रुपये युनिटने मिळते. दिवसाची सौर वीज अडीच रुपयांना पडते. पण ती संध्याकाळी वापरायची तर बॅटरीत ठेवावी लागते. बॅटरीत घातलेल्या १०० युनिटपैकी ८५ बाहेर येतात असे धरले, तर अडीच रुपयांची वीज बाहेर येताना २ रुपये ९४ पैशांची होते. त्यावर बॅटरीचा स्वतःचा खर्च.

हा खर्च युनिटमागे अडीच रुपये धरला, तर बेरीज ५ रुपये ४४ पैसे होते. मॉडेल डोळे झाकून कोळसा निवडते. तोच खर्च दोन रुपये धरला, तर बेरीज ४ रुपये ९४ पैसे. आता मॉडेल तितक्याच निर्धाराने बॅटरी निवडते. मधले काही नाही. पन्नास पैशांच्या फरकाने शेकडो कोटींचा औष्णिक प्रकल्प आराखड्यात येतो किंवा आराखड्यातून जातो.

प्रत्यक्षातले मॉडेल इतके सोपे नसते. त्यात अनेक अटी असल्याने धार थोडी बोथट होते. तरीही हा कल कायम राहतो. आणि बॅटरीच्या किमतीचा अंदाज पन्नास पैशांनी चुकणे ही तर क्षुल्लक गोष्ट. भारतात ऑगस्ट २०२२ मध्ये सौरऊर्जा महामंडळाच्या (सेकी) निविदेत बॅटरी साठवणीचा दर मेगावॉटमागे महिन्याला सुमारे १० लाख ८४ हजार रुपये निघाला. मार्च २०२४ मध्ये गुजरातच्या ऊर्जा विकास निगमाच्या निविदेत तो सुमारे ४ लाख ४९ हजारांवर आला. दोन निविदांच्या अटी अगदी सारख्या नसतात हे मान्य केले, तरी दोन वर्षांच्या आत दर निम्म्याहून खाली गेला. औष्णिक प्रकल्पाशी होणारा वीज खरेदी करार मात्र बहुधा २५ वर्षांचा असतो.

मॉडेलवर शंका पहिल्यांदा कधी घेतली गेली?

ही मॉडेल्स जन्माला आली १९७३ च्या तेलसंकटानंतर. तेल महागले, तेव्हा पाश्चात्त्य देशांना आपल्या ऊर्जेचा संपूर्ण हिशेब मांडण्याची निकड भासली. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या छत्राखाली १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘मार्कल’ हे मॉडेल उभे राहिले. अमेरिकेतील ब्रुकहेवन आणि जर्मनीतील युलिश या प्रयोगशाळांचा त्यात मोठा वाटा होता. पुढे अनेक देशांची धोरणे मार्कल आणि त्याचा वारस ‘टाइम्स’ यांच्या आधारे आखली गेली.

त्याच सुमारास ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळच्या आयआयएएसए या संस्थेने जगाच्या पुढील ५० वर्षांच्या ऊर्जेचा प्रचंड अभ्यास हाती घेतला. वुल्फ हेफेले हे त्याचे प्रमुख. १९८१ मध्ये तो ग्रंथरूपाने आला आणि अणुऊर्जेला, विशेषतः फास्ट ब्रीडर अणुभट्ट्यांना, त्यात मोठे स्थान होते. मग बिल कीपिन आणि ब्रायन विन या संशोधकांनी त्यातली मॉडेल्स उघडून तपासली आणि १९८४ मध्ये ‘नेचर’मध्ये लेख लिहिला. निष्कर्ष अस्वस्थ करणारा होता. मॉडेलमधून बाहेर पडणारे उत्तर जवळपास आत घातलेल्या गृहीतकांतच दडलेले होते आणि खर्चाच्या आकड्यांत थोडा बदल केला तरी चित्र पालटत होते. हा अभ्यास ‘भक्कम’ असल्याचा दावा टिकणारा नव्हता.

कीपिन त्या संस्थेत काम करत होते, म्हणून त्यांना आत डोकावता आले. बाहेरच्या माणसाला ते शक्य नव्हते. विशेष म्हणजे त्याच संस्थेने त्या काळातल्या आपल्या ‘मेसेज’ मॉडेलची नवी आवृत्ती, ‘मेसेज-आयएक्स’, आता कोणालाही पाहता-वापरता येईल अशी खुली केली आहे. हवामान बदलाविषयीच्या आयपीसीसीच्या अहवालांत ज्या मॉडेल्सची भाकिते वापरली जातात, त्यांत मेसेजही आहे.

खुली मॉडेल्स कोणती आणि ती कोण वापरते?

‘बालमोरेल’ हे डेन्मार्कमधील मॉडेल २००१ पासून खुले आहे; पण चळवळ म्हणावी असे काही घडले ते पुढच्या दशकात. मार्क हॉवेल्स आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘ओझमोसिस’ जगापुढे ठेवले. उद्देश साधा होता: विकसनशील देशातील विद्यार्थ्याला किंवा सरकारी अभियंत्याला परवाना शुल्क न भरता, साध्या संगणकावर ऊर्जा नियोजन शिकता यावे. मॉडेलचा गाभा काही पानांत मावेल इतका आटोपशीर ठेवला गेला. तो चालवायला लागणारा गणिती ‘सॉल्व्हर’ही मोफत होता. हा मुद्दा महत्त्वाचा, कारण अनेकदा मॉडेल फुकट असते आणि ते ज्यावर चालते त्या सॉफ्टवेअरचा परवाना महागडा असतो. ‘टाइम्स’चेच उदाहरण घ्या. त्याचा कोड आता खुला आहे. पण तो ज्या प्रोग्रॅमिंग प्रणालीत लिहिला आहे ती व्यावसायिक आहे.

ओझमोसिसचा सर्वांत लक्षणीय वापर कोस्टारिकाने केला. या छोट्या देशाने फेब्रुवारी २०१९ मध्ये कार्बनमुक्तीचा राष्ट्रीय आराखडा जाहीर केला. तो परवडेल का, हे तिथल्या विद्यापीठाने अमेरिकेतील रँड संस्था आणि इंटर-अमेरिकन विकास बँकेच्या साथीने तपासले. त्यांनी एकच भविष्य न धरता वेगवेगळ्या किमतींची, मागणीची आणि वाढीची अनेक भविष्ये मॉडेलमध्ये घालून पाहिली. २०२० मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार २०५० पर्यंत देशाला खर्च वजा जाता सुमारे ४१ अब्ज डॉलरचा लाभ होऊ शकतो. कीपिन-विन यांच्या आक्षेपाला दिलेले हे खरे उत्तर म्हणता येईल. गृहीतके डळमळीत असणारच. मग ती मुद्दाम हलवून पाहायची आणि कोणता निर्णय तरीही टिकतो ते शोधायचे. एका मॉडेलचा परवाना एकाच संगणकापुरता असेल, तर असा अभ्यास परवडणे कठीण.

युरोपात ‘पायप्सा’चा बोलबाला आहे. फ्रँकफर्टमध्ये टॉम ब्राऊन आणि सहकाऱ्यांनी पायथन भाषेत ते घडवले. सगळ्या युरोपचे वीजजाळे त्यात मांडलेले आहे आणि जर्मनीतील ‘ट्रान्सनेट-बीडब्ल्यू’ या पारेषण कंपनीनेही आपल्या दीर्घकालीन अभ्यासासाठी त्याचा आधार घेतला. याचाच पुढचा अवतार ‘पायप्सा-अर्थ’. यात पारेषण वाहिन्यांची माहिती ‘ओपन स्ट्रीट मॅप’ या लोकांनी बनवलेल्या नकाशावरून घेतली जाते, ऊन-वाऱ्याची माहिती युरोपीय हवामान केंद्राच्या खुल्या नोंदींवरून. सुरुवात आफ्रिकेपासून झाली आणि नायजेरियाच्या वीजयंत्रणेवर ते पडताळून पाहिले गेले. ज्या देशाचे सरकार आकडे देत नाही, त्या देशाचेही ढोबळ मॉडेल यातून उभे राहते.

अमेरिकेत बदल वरून आला. तिथले ऊर्जा माहिती प्रशासन १९९० च्या दशकापासून ‘नेम्स’ हे मॉडेल वापरते. सरकारी असल्याने त्याचा कोड मिळतो. पण ते चालवणे इतके किचकट आणि व्यावसायिक सॉफ्टवेअरवर इतके अवलंबून, की फार थोड्यांना जमते. नॉर्थ कॅरोलिनातील प्राध्यापक जोसेफ डीकॅरोलिस यांनी २०१२ मध्येच असा मुद्दा मांडला होता की, प्रयोगशाळेतला प्रयोग जसा दुसऱ्याला पुन्हा करून पाहता येतो, तसा ऊर्जा अभ्यासही करता आला पाहिजे. त्यासाठी त्यांच्या गटाने ‘टेमोआ’ हे खुले मॉडेल बनवले. तेच डीकॅरोलिस २०२२ मध्ये या प्रशासनाचे प्रमुख झाले आणि नेम्सच्या जागी ‘ब्लूस्काय’ या नव्या खुल्या मॉडेलचे काम सुरू झाले. टीका करणाऱ्यालाच चाव्या मिळण्याचा योग सरकारी खात्यांत विरळाच.

भारतात काय स्थिती आहे?

देशातील विजेची कमाल मागणी ३० मे २०२४ रोजी अडीच लाख मेगावॉटच्या घरात गेली. ही मागणी कशी वाढेल, यावर लाखो कोटींची गुंतवणूक ठरते. सुरुवातीला उल्लेखलेले केंद्रीय प्राधिकरणाचे अहवाल ‘ऑर्डेना’ या संगणकीय मॉडेलवर आधारले होते. प्राधिकरण आपली अनेक गृहीतके अहवालात छापते, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे. अडचण पुढची आहे. छापलेले गृहीतक बदलून गणित पुन्हा करायचे तर तेच सॉफ्टवेअर हवे, आणि ते बाजारात सहज मिळणारे नाही.

नियोजन आयोगाने आणि पुढे निती आयोगाने वेगळी वाट धरली. ब्रिटनच्या ऊर्जा खात्याने डेव्हिड मॅके यांच्या पुढाकाराने ‘२०५० कॅल्क्युलेटर’ बनवला होता. त्याच्या धर्तीवर तत्कालीन नियोजन आयोगाने २०१४ मध्ये ‘भारत ऊर्जा सुरक्षा परिदृश्ये २०४७’ आणले. तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. हे एक्सेलवर चालते. विजेवरच्या गाड्या अमुक टक्के झाल्या, तर आयात तेल किती वाचेल, असे प्रश्न कोणीही विचारून पाहू शकतो. मात्र हे तासातासाचे गणित नाही आणि स्वस्त मार्गही ते स्वतः शोधत नाही. विद्यार्थ्यांसाठी, पत्रकारांसाठी आणि आमदारांसाठी ते उत्तम आहे; प्रकल्प मंजूर करायला पुरेसे नाही.

एप्रिल २०२५ मध्ये प्राधिकरणाने ‘स्टेलर’ हे स्वदेशी मॉडेल आणले आणि ते राज्यांना विनामूल्य देण्याचे जाहीर केले. याची पार्श्वभूमी आहे जून २०२३ ची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे. त्यांनुसार प्रत्येक वितरण कंपनीने पुढच्या दहा वर्षांचा ‘संसाधन पर्याप्तता’ आराखडा करायचा आणि तो दरवर्षी पुढे सरकवायचा आहे. वितरण कंपन्यांकडे आजवर अशा कामाची ना साधने होती ना माणसे. त्यामुळे मोफत साधन मिळणे ही मोठीच सोय. पण ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ हे शब्द सरसकट एकाच अर्थाने वापरले जातात, तिथे गफलत होते. मोफत म्हणजे वापरायला पैसे लागत नाहीत. मुक्त म्हणजे आतला कोड वाचता येतो, बदलता येतो आणि बदललेला दुसऱ्याला देता येतो. वितरण कंपनीचे मोफतवर भागते. तिच्या आराखड्यावर हरकत घेणाऱ्या ग्राहकाचे भागत नाही.

महाराष्ट्राचा याच्याशी काय संबंध?

चुकलेल्या वीज नियोजनाची किंमत महाराष्ट्राइतकी क्वचितच कुणी मोजली असेल. एन्रॉनच्या दाभोळ प्रकल्पाचा वीज खरेदी करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला. ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला. वीज इतकी महाग की मंडळाला ती घेणे परवडेना, आणि घेतली नाही तरी स्थिर आकाराचे पैसे द्यावे लागत. मे २००१ मध्ये प्रकल्प बंद पडला, डिसेंबरमध्ये खुद्द एन्रॉन दिवाळखोरीत गेली. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेने या कराराचे तांत्रिक-आर्थिक विश्लेषण १९९५ मध्येच, म्हणजे प्रकल्प सुरू होण्याच्या चार वर्षे आधी, प्रसिद्ध केले होते. गिरीश संत, शंतनू दीक्षित आणि सुबोध वागळे हे त्याचे लेखक. आकडे हाती आले तर सरकारबाहेरची माणसेही गणित तपासू शकतात, याचा तो राज्यातला ठळक दाखला.

याच संस्थेच्या ऊर्जा गटाने २०२१ मध्ये ‘रूमी’ हे मुक्त स्रोत मॉडेल खुले केले. पायथनमध्ये लिहिलेले आणि कोणालाही वापरता-बदलता येणारे. त्यावर भारताच्या ऊर्जेचे ‘पिअर’ नावाचे मॉडेल उभारले आहे. परदेशी मॉडेल्सपेक्षा याची ठेवण वेगळी, आणि ती इथल्या मातीतून आलेली. युरोपीय मॉडेलमध्ये मागणी म्हणजे आधीच ठाऊक असलेला एक आलेख. सारे डोके पुरवठ्यावर चालवायचे. भारतात मागणीच अजून घडते आहे. कुणाच्या घरी पहिला फ्रीज येतो आहे, कुणाकडे गॅस जोडणी आहे पण सिलिंडर परवडत नाही म्हणून चूल पेटते आहे. त्यामुळे रूमीत ग्रामीण-शहरी कुटुंबे, त्यांचे खर्चाचे स्तर, कोणत्या राज्यात कोणती उपकरणे, असा हिशेब खालून वर मांडता येतो. एरवी गरिबाची चूल ऊर्जेच्या कोष्टकात ‘इतर’ या रकान्यात जाते.

राज्यातील दुसरे उदाहरण कृषिपंपांचे. एप्रिल २०२३ पासूनच्या ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’ मध्ये कृषी वाहिन्यांना सौर प्रकल्पांतून दिवसा वीज देण्याचे धोरण आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने रात्री पाणी द्यायला जाण्याचा, विंचू-सापाचा आणि बिबट्याचा प्रश्न सुटतो. मॉडेलच्या दृष्टीने ही वेगळीच चैन आहे: रात्रीची मागणी उचलून उन्हात ठेवली, म्हणजे बॅटरी न घेता साठवण झाली. विहिरीतून उपसलेले पाणी ही बॅटरीच. पण किती पंप खरोखर दिवसावर गेले, याचा आकडा मॉडेलमध्ये आशेपोटी जास्त धरला, तर संध्याकाळसाठी लागणारी क्षमता कमी दिसेल आणि भारनियमनाची वेळ येईल. कमी धरला, तर नको असलेल्या प्रकल्पाचा स्थिर आकार पुढची २५ वर्षे वीजबिलात येत राहील.

कोड खुला झाला म्हणजे काम झाले?

नाही. कोड हे भांडे. आत शिजवायला आकडे लागतात. आपल्याकडे देशाच्या वीजजाळ्याचे दैनंदिन अहवाल ‘ग्रिड इंडिया’ संकेतस्थळावर टाकते. तासागणिक मागणी मात्र वितरण कंपनीच्या, त्याहून खाली उपकेंद्राच्या आणि वाहिनीच्या पातळीवर नीट मिळणे कठीण. अनेक सरकारी कोष्टके पीडीएफमध्ये असतात, कधी स्कॅन केलेली. त्यातून आकडे हाताने उतरवण्यात संशोधकांचे महिने जातात. उतरवलेली कोष्टके इतरांनाही मिळावीत, म्हणून युरोपात २०१४ पासून मॉडेलकर्त्यांचा ‘ओपनमॉड’ हा गट काम करतो. तिथेही माहितीच्या मालकीहक्काचा वाद मिटलेला नाही.

दुसरी अडचण सॉल्व्हरची. देशपातळीचे तासातासाचे मॉडेल सोडवायला ताकदवान सॉल्व्हर लागतो आणि सर्वांत वेगवान सॉल्व्हर व्यावसायिकच आहेत. एडिनबरा विद्यापीठात घडलेला ‘हाय्स’ हा खुला सॉल्व्हर अंतर कमी करतो आहे. तरी मोठ्या गणिताला तो अजून जास्त वेळ घेतो.

तिसरी अडचण माणसांची. खुला कोड कोणीतरी सांभाळावा लागतो. चुका दुरुस्त करणे, नवख्यांच्या शंकांना उत्तरे देणे, नवी आवृत्ती काढणे हे काम संशोधन अनुदानावर चालते आणि अनुदान संपले की अनेक मॉडेल्स धूळ खात पडतात. शिवाय खुल्या मॉडेलमधूनही चुकीचे उत्तर काढता येते. सोयीचे गृहीतक घालून हवे ते निष्कर्ष काढणाऱ्याला कोणताही परवाना रोखत नाही. फरक एवढाच, की इथे दुसऱ्याला तीच फाइल उतरवून घेऊन तो आकडा बदलून पाहता येतो.

वीज दरवाढीच्या याचिकांवर महाराष्ट्र वीज नियामक आयोगापुढे जाहीर सुनावणी होते. ग्राहक संघटना, उद्योग, शेतकरी प्रतिनिधी तिथे हरकती मांडतात. त्यांच्या हाती असतात छापील कोष्टके. दहा वर्षांच्या पर्याप्तता आराखड्यासोबत त्यामागची माहिती-फाइल आणि ती चालवणारे मॉडेलही जोडावे, अशी अट अद्याप कुठे सर्रास दिसत नाही. तशी अट घालायला नवा कायदा लागत नाही. आयोगाचा एक आदेश पुरतो.